इलेक्ट्रिक स्मोकरमध्ये बोकडाची अख्खी दस्ती: इंदूरच्या गच्चीवरून, अगदी पहिल्यापासून

माझा मावसभाऊ अमेरिकेतून कायमचा परत आला तेव्हा सामानात एक इलेक्ट्रिक स्मोकर, म्हणजे लाकडाच्या धुरात मांस मंद शिजवायचं विजेवरचं कपाट, घेऊन आला, त्याच्या फ्लॅटला गच्ची नाही म्हणून तो स्मोकर आमच्या रामबागेतल्या घरी आला आणि तेव्हापासून इथेच आहे. पहिले दोन-तीन महिने मी सगळं तिकडच्या पद्धतीने केलं, म्हणजे २२५ फॅरेनहाइटवर ठेवा, लाकूड घालत राहा, थांबा. दर वेळी मटण वरून काळं कडवट आणि आतून कोरडं. मग हळूहळू लक्षात आलं की चूक मशीनची नाहीये, कृतीच दुसऱ्या जनावरासाठी लिहिलेली आहे. टेक्सासमध्ये जे ब्रिस्केट करतात तो पाच-सहा किलोचा गोमांसाचा तुकडा असतो, त्याच्या आत आणि वर भरपूर चरबी असते, तो दहा-बारा तास धुरात बसला तरी स्वतःच्या चरबीवर तग धरतो. आपल्या बोकडाची दस्ती, म्हणजे पुढचा पाय, सव्वा-दीड किलोची, पातळ, हाडाला चिकटलेली, चरबी नावाला. तिला धूर थोडा वेळच द्यायचा, लवकर गुंडाळायची आणि चरबी बाहेरून द्यायची. या लेखात मी हेच सविस्तर सांगणार आहे, बाकी सगळं याच्याभोवती आहे.

आधी मशीन समजून घ्या

इलेक्ट्रिक स्मोकर म्हणजे दुहेरी भिंतीचं एक उभं कपाट. तळाशी गिझरमध्ये असतं तसं हीटिंग एलिमेंट, त्याच्यावर लाकडाच्या चिप्सचा छोटा ट्रे, त्याच्यावर पाण्याचं भांडं, मग जाळ्या आणि वर धूर बाहेर जायला एक झडप. थर्मोस्टॅट एलिमेंट चालू-बंद करत राहतो. बस, एवढंच आहे.

पण यातली एक गोष्ट बहुतेक लोकांच्या लक्षात येत नाही. चिप्स पेटत नाहीत, त्या एलिमेंटच्या उष्णतेने धुमसतात, म्हणजे एलिमेंट चालू असेल तेव्हाच धूर येतो. ठरवलेलं तापमान गाठलं की एलिमेंट बंद, आणि धूरही हळूहळू बंद. म्हणून मे महिन्यात बाहेरच ४०-४२ डिग्री असतात तेव्हा कपाट आपोआप गरम राहतं, एलिमेंटला काम कमी, धूर कमी. आणि डिसेंबर-जानेवारीत रात्री थंडी पडते तेव्हा एलिमेंट सारखं चालू-बंद होतं आणि धूर छान येतो. स्मोकर सुरू करायला माळव्यातला हिवाळा सगळ्यात चांगला, हे मी अनुभवावरून सांगते.

दुसरं म्हणजे मांसाच्या कडेला जी गुलाबी कड दिसते, तिकडे तिला स्मोक रिंग म्हणतात, ती इलेक्ट्रिकमध्ये फारशी येत नाही. ती जळत्या लाकडातून निघणाऱ्या नायट्रिक ऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइडमुळे येते, त्यांची मांसाला लाल रंग देणाऱ्या मायोग्लोबिनशी क्रिया होते आणि रंग टिकतो. धुमसणाऱ्या चिप्समधून हे वायू त्या मानाने कमी निघतात. चवीचा त्या रंगाशी काही संबंध नाही, त्यामुळे रंग आला नाही म्हणून अजून लाकूड घालत बसू नका, मी तेच केलं होतं आणि त्यानेच कडवटपणा आला.

प्लग लावायच्या आधी

हे वाचल्याशिवाय मशीनला हात लावू नका, प्लीज. अमेरिकेतलं मशीन १२० व्होल्टचं असतं. आपल्याकडे २३० व्होल्ट. नुसता अडॅप्टर लावून ते आपल्या प्लगमध्ये घातलं तर पावर दुप्पट होत नाही, व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे साडेतीन पटीच्याही वर जाते. ८०० वॅटचं एलिमेंट तीन हजार वॅटच्या जवळ ओढायला लागेल, ते जळेल, कंट्रोलर जळेल, आग पण लागू शकते. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतोच, आणि तो अगदी ८०० वॅटचा घेऊ नका, तासन्‌तास चालवायचा असतो म्हणून निदान १५०० वॅटचा घ्या, आमच्याकडे तसाच आहे. तो हाताला कोमट लागतो तेवढं ठीक, चटका बसायला लागला तर बंद करा. नवीन घेणार असाल तर सरळ २२०-२४० व्होल्टचं मॉडेल शोधा, ट्रान्सफॉर्मरची कटकटच नको.

पत्र्याचं कपाट, आत पाणी, बाहेर गच्ची, त्यामुळे अर्थिंग पक्कं हवं. इलेक्ट्रिशियनला बोलावून गच्चीवर १६ अँपिअरचा पावर पॉइंट काढून घ्या आणि लाइनवर ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, आहे ना ते बघून घ्या. खोलीतून खिडकीतून लांबवर ओढलेली पातळ एक्स्टेंशन वायर अजिबात नको. ट्रान्सफॉर्मर वापरत असाल तर त्यातून अर्थची पिन पुढे जाते ना हेही त्याच्याकडून तपासून घ्या, स्वस्तातल्या बऱ्याच ट्रान्सफॉर्मरला दोनच पिनांचं सॉकेट असतं.

आणि जागा. उघड्यावरच. किचनमध्ये नाही, बंद बाल्कनीत नाही, जिन्याच्या वरच्या खोलीत पाऊस आला म्हणून सरकवणं पण नाही. धुमसणाऱ्या लाकडातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो, आणि तो जीव घेतो. एक्झॉस्ट फॅन लावला तरी घरात नाही. भिंत, पडदे, वाळत घातलेले कपडे, सगळ्यांपासून दहा फूट तरी लांब ठेवा.

शेजारच्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवते मी. आमच्या बाजूच्या काकू शुद्ध शाकाहारी आहेत, आणि वारा बहुतेक वेळा त्यांच्या गच्चीकडेच असतो. त्यांना सांगितलं की त्या पापड-कुरडया त्या दिवशी घालत नाहीत. एवढं तर आपण करायलाच पाहिजे.

थर्मामीटर

मशीनच्या दारावरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. माझ्या मशीनचा आकडा आणि जाळीवरचं खरं तापमान यात १०-१२ डिग्रीचा फरक निघाला. एक साधा सुईचा डिजिटल थर्मामीटर घ्या, जमलं तर दोन सुयांचा, एक मांसात आणि एक जाळीवर. घेतल्यावर तपासा: पेलाभर बर्फात थोडंसं पाणी घालून ढवळा, त्यात शून्य दाखवायला पाहिजे. मग उकळत्या पाण्यात धरा. इथे गंमत अशी की इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे त्यामुळे इथे पाणी १०० ला नाही, ९८ च्या आसपास उकळतं, तेव्हा ९८ दिसलं म्हणून थर्मामीटर परत करायला जाऊ नका. बडोद्याच्या माझ्या वहिनीकडे तोच थर्मामीटर जवळपास १०० दाखवतो, तिथे उंची अगदी कमी आहे.

अमेरिकन मशीनवर फॅरेनहाइट असतं. तीनच आकडे पाठ करा: २२५ म्हणजे १०७ सेल्सिअस, २५० म्हणजे १२१, २७५ म्हणजे १३५. बऱ्याच इलेक्ट्रिक स्मोकरची कमाल मर्यादा हीच, १३५. पुढे मी सगळं सेल्सिअसमध्येच लिहिते.

नवीन मशीन असेल तर आधी रिकामं चालवा. जाळ्या धुवून-पुसून आत ठेवा, पाण्याचं भांडं रिकामं, १३५ वर तीन तास, शेवटच्या पाऊण तासात मूठभर चिप्स. कारखान्यातलं तेल आणि वास जळून जातो आणि आतून धुराचा एक पातळ थर बसतो.

लाकूड

तिकडे हिकरी, ओक, सफरचंद, चेरी वापरतात. आपल्याकडे ऑनलाइन मिळतात पण मला त्याची गरज वाटत नाही. आंब्याचं लाकूड मऊ, किंचित गोडसर धूर देतं, सुरुवात त्यानेच करा. पेरूचं तर मला सगळ्यात जास्त आवडतं, चिकनला विशेष. फक्त फांदी कापल्यावर निदान पाच-सहा महिने सावलीत सुकलेली पाहिजे, ओलं लाकूड आंबट-कडवट धूर देतं. बाभळीचा धूर जोरकस असतो, आणि विलायती बाभूळ तर टेक्सासच्या मेस्कीट झाडाची जवळची नातेवाईकच आहे, ती घ्यायची असेल तर आंब्याच्या चार भागांत एक भाग, त्याहून जास्त नको.

काय वापरायचं नाही हे जास्त महत्त्वाचं. कडुनिंब नाही, कडू होतं. कण्हेर अजिबात नाही, ती विषारी आहे, बागेतली फांदी पडली म्हणून उचलून आणू नका. चीड-देवदार, म्हणजे पॅकिंगच्या खोक्यांचं लाकूड नाही, त्यात राळ असते. रंग-पॉलिश लावलेलं, प्लायवूड, एमडीएफ नाही. आरा मशीनवरचा भुसा पण नाही, कारण त्यात कशाकशाचा भुसा मिसळलेला असतो ते तिथल्या माणसालाही सांगता येणार नाही. मी ओळखीच्या सुताराकडून आंब्याची एकच फळी घेते आणि तिचे बोटाच्या नखाएवढे तुकडे करून घेते.

चिप्स भिजवायच्या की नाही यावर लोक खूप भांडतात. मी भिजवत नाही. ओल्या चिप्समधलं पाणी आधी वाफ होऊन जातं आणि मगच लाकूड धुमसायला लागतं, म्हणजे धूर नुसता उशिरा येतो, जास्त वेळ टिकतो असं काही मला दिसलं नाही.

धुराची चव कुठून येते तेही सांगते म्हणजे कमी लाकडाचं महत्त्व पटेल. लाकडातल्या लिग्निनपासून ग्वायाकोल आणि सिरिंगोल नावाचे पदार्थ बनतात, तो धुरकट सुगंध त्यांचा. पण हवा कमी मिळाली, चिप्स ढिगाने घातल्या की जाड पांढरा धूर होतो आणि त्यातलं डांबरासारखं काहीतरी मांसावर बसतं, जीभ जराशी बधिर होते ती त्यामुळे. धूर पातळ, निळसर, जेमतेम दिसणारा हवा. वरची झडप बंद करून धूर कोंडायचा मोह होतो, तो टाळा. झडप पूर्ण उघडी, निदान पाऊण.

खाटकाकडे

मराठीत आपण पुढचा फरा म्हणतो, इंदुरात दुकानात दस्ती म्हणा. मागची रान घेऊ नका, निदान पहिल्यांदा तरी नाही. रान दिसायला भारी पण तिच्यात चरबी आणि कोलेजन, म्हणजे मांसातला चिवट धाग्यांचा भाग, दोन्ही कमी, मंद आचेवर ती लवकर सुकते. दस्ती सतत चालणारी, कष्ट करणारी, तिच्यात कोलेजन भरपूर, आणि तेच कोलेजन तासन्‌तास मंद आचेवर राहिलं की जिलेटीन होऊन मांसाला ओलसर, मऊ करतं. दुकानात स्पष्ट सांगा, "भाईजान, दस्ती साबुत देना, हड्डी पे मत मारना", नाहीतर सवयीने सुरा चालतोच. शक्य असेल तर पोटावरची जाळीसारखी पातळ चरबी असते ती पण मागून घ्या, ती बहुतेक वेळा बाजूला काढूनच ठेवलेली असते.

आदल्या रात्री

दीड किलोच्या दस्तीला २० ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचे सपाट साडेतीन चमचे. सगळीकडून चोळा आणि फ्रिजमध्ये उघडीच, जाळीवर ठेवा, खाली ताट. रात्रभरात मीठ आत जातं आणि वरचा भाग कोरडा, थोडासा चिकट होतो, धूर त्याच्यावर चांगला बसतो.

कच्ची पपई लावू नका. आपल्याला सवय असते, मटण म्हटलं की पपई, पण इथे पुढचे सहा तास मंद आच आहेच, पपईने वरचा थर पिठासारखा होतो. दह्याचा जाड मसालाही नको, तो मांस आणि धुराच्या मध्ये भिंतीसारखा उभा राहतो. सकाळी दस्तीला हाताने तूप किंवा मोहरीचं तेल नुसतं पुसल्यासारखं लावा आणि वरून मसाला: जाडसर कुटलेली मिरी एक मोठा चमचा, भाजून भरडलेले धणे एक मोठा चमचा, काश्मिरी तिखट एक मोठा चमचा, जिरं एक लहान चमचा. झालं. आपला काळा मसाला किंवा गोडा मसाला यात घालू नका, तो नंतर गुंडाळताना घालायचाय.

दिवसभराचं गणित

रात्री आठला जेवण धरून सांगते. घड्याळ फक्त अंदाजासाठी, निर्णय थर्मामीटरचा.

साडेअकराला मशीन चालू, १२१ वर. मी १०७ वर करणं सोडून दिलं, कारण पातळ तुकडा त्या तापमानाला फार वेळ रेंगाळतो आणि सुकतो. पाण्याच्या भांड्यात उकळतं पाणी ओता, गार पाणी घातलंत तर ते गरम करण्यातच अर्धा तास जातो. पाण्याने आत ओलावा राहतो आणि तापमान फार वर-खाली होत नाही.

सव्वाबाराला दस्ती आत, मधल्या जाळीवर, चरबीची बाजू वर. जाळीदार चरबी मिळाली असेल तर ती वरून पांघरा. सुई सगळ्यात जाड भागात, हाडाला टेकू न देता, हाड लागलं की आकडा चुकीचा येतो. चिप्स मूठभर, ३० ग्रॅमच्या आसपास. पाऊण तासाने परत मूठभर, आणखी पाऊण तासाने शेवटची मूठ. एकूण तीन. याच्यापुढे लाकूड बंद.

दार उघडू नका. एकदा उघडलं की दहा-पंधरा मिनिटं गेली असं समजा. घरात पाहुणे आले की प्रत्येकाला आत काय चाललंय बघायचं असतं, त्यांना चहा द्या.

अडीचच्या सुमारास आतलं तापमान ६५-६८ होतं आणि मग आकडा हलेनासा होतो. घाबरू नका, पावर गेलेली नाही. हे आपल्या घरातल्या कूलरसारखंच आहे, खस ओली असते, पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं म्हणून हवा गार होते. तसंच मांसाच्या पृष्ठभागावरून पाणी उडत राहतं आणि मांस स्वतःलाच गार ठेवतं. ब्रिस्केटवाले इथे कधीकधी तासन्‌तास वाट बघतात, वरचा काळा कुरकुरीत थर घट्ट व्हावा म्हणून. बोकडाच्या बाबतीत वाट बघायची नाही, कारण ते उडणारं पाणी म्हणजे आपलाच रस आहे आणि तो मुळात कमी आहे. आकडा अडकला की लगेच गुंडाळा.

ॲल्युमिनियम फॉइलचे दोन थर, आत बटर पेपर. त्यावर एक कांदा उभा चिरून, लसणाच्या सात-आठ पाकळ्या ठेचून, दोन मोठे चमचे तूप, अर्धा चमचा काळा मसाला, आणि अर्धी वाटी हाडांचं पाणी किंवा साधं गरम पाणी. दस्ती ठेवून घट्ट बांधा, वाफ बाहेर जायला नको. बटर पेपर एवढ्यासाठी की कोणी चिंच, लिंबू, टोमॅटो घालतं आणि आंबट पदार्थ तासन्‌तास फॉइलला लागून राहणं बरं नाही. सुई परत खुपसा, फॉइलमधूनच.

आता हे १२१ वरच तीन-साडेतीन तास. धूर नको, पाणी नको. इथून पुढे स्मोकर म्हणजे नुसता ओव्हन आहे, घरात मोठा ओटीजी असेल तर त्यात केलं तरी चवीत काही फरक पडत नाही. सहाच्या आसपास ९२-९४ दाखवेल. पण आकड्यापेक्षा सुई जाते कशी ते बघा, मऊ लोण्यात गेल्यासारखी कुठेही न अडकता गेली पाहिजे. ८५ ला मटण शिजलेलं असतं, खाता येतं, पण कोलेजन विरघळायला तो वरचा टप्पा आणि वेळ दोन्ही लागतं. एक हाड हाताने हलवून बघा, सुटत असेल तर झालं.

काढल्यावर लगेच उघडू नका. फॉइलसकट जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून पिकनिकच्या बर्फाच्या डब्यात ठेवा, बर्फाशिवाय अर्थातच, तास-दीड तास. डबा उष्णता पण तशीच धरून ठेवतो. आतलं तापमान ६० च्या खाली जाऊ द्यायचं नाही एवढं बघा. मग फॉइल उघडून आतला रस पातेल्यात काढा, वरची जास्तीची चरबी चमच्याने काढून घ्या, एक उकळी आणा, मीठ बघा. हा जो रस्सा आहे ना, धुराचा, लसणाचा, काळ्या मसाल्याचा, तो ज्वारीच्या भाकरीबरोबर खाऊन बघा, आमच्याकडे मटणापेक्षा आधी तो संपतो.

सहा तासांच्या या सगळ्याला वीज किती लागते असं सगळे विचारतात. ८०० वॅटचं एलिमेंट सलग चालू राहिलं असतं तर सहा-साडेसहा तासांत पाच युनिटच्या थोडं वर गेलं असतं, पण ते चालू-बंद होत असतं त्यामुळे त्याहून बरंच कमी लागतं.

अडलं तर

वीज गेली: दार उघडू नका, अर्धा-पाऊण तास कपाट उष्णता धरतं. जास्त वेळ लागणार असेल आणि दस्ती गुंडाळलेली असेल तर जाड बुडाच्या पातेल्यात फॉइलसकट ठेवून, खाली थोडं पाणी, झाकण लावून गॅसवर अगदी मंद आचेवर पुढे न्या. न गुंडाळलेली असेल तर आधी गुंडाळा. नियम एकच लक्षात ठेवायचा, कच्चं मांस ४ ते ६० डिग्रीच्या मधे एकूण चार तासांपेक्षा जास्त राहता कामा नये. म्हणूनच फ्रीजरमधला गोठलेला तुकडा सरळ स्मोकरमध्ये घालायचा नाही, त्याला रात्रभर फ्रिजमध्ये सुटू द्या.

तापमान चढतच नाही: व्होल्टेज बघा. २३० च्या ऐवजी २०० येत असेल तर एलिमेंटची पावर पाऊणच राहते. संध्याकाळी सगळ्यांचे गिझर लागतात तेव्हा आमच्याकडे असं होतं, म्हणून मी दुपारीच सुरू करते.

धूरच येत नाही: कपाट आधीच गरम होऊन एलिमेंट बंद बसलंय. तापमान दहा मिनिटांसाठी १३५ ला न्या, एलिमेंट चालू होईल, चिप्स धुमसायला लागल्या की परत १२१. उन्हाळ्यात मला दर वेळी हे करावं लागतं.

चिकन

चिकनची गोष्ट उलटी आहे. त्यात विरघळवायला कोलेजन फारसं नाही, त्यामुळे मंद करून काही मिळत नाही. सव्वा किलोची कोंबडी, पाठीचा कणा कापून चपटी केलेली, सरळ १३५ वर, पाण्याचं भांडं रिकामं, झडप पूर्ण उघडी, पेरूच्या चिप्स दोन मुठी. दीड-दोन तास. छातीत ७४, मांडीत ८० दाखवलं की काढा. कातडी स्मोकरमध्ये रबरासारखी राहते, म्हणून शेवटी ओटीजीत २२० वर आठ-दहा मिनिटं किंवा कडक तापलेल्या तव्यावर कातडीची बाजू खाली. आपल्याकडे चिकन बहुधा सोलूनच देतात, आधी सांगून ठेवा कातडीसकट पाहिजे म्हणून. सोललेलंच मिळालं तर तुपात बुडवलेलं मलमलचं फडकं वर पांघरा, वरचा भाग सुकत नाही.

साफसफाई

पाण्याच्या आणि चरबीच्या ट्रेला आधीच फॉइल लावून ठेवलं की काम निम्मं होतं, फक्त चरबी खाली जाण्याचं भोक झाकू नका. मशीन गार झाल्यावर जाळ्या गरम पाण्याने, दाराची रबरी पट्टी ओल्या फडक्याने. आतल्या काळ्या भिंती घासून चकचकीत करायच्या नसतात, पण पापुद्रे सुटायला लागले तर खरवडून काढा नाहीतर ते जेवणावर पडतात. एलिमेंटवर पाणी ओतायचं नाही, कधीच नाही. चरबी नालीत ओतू नका, डब्यात गोठू द्या आणि ओल्या कचऱ्यात द्या, आपल्याकडे कचऱ्याची गाडी ओला-सुका वेगळा नेते. राख पूर्ण गार झाल्याशिवाय कुठेच टाकायची नाही, रात्रभर पत्र्याच्या डब्यात ठेवा, आतमध्ये निखारा जिवंत राहतो.

पावसाळ्यात बंद करून ठेवलंत की आत बुरशी येते, मला जुलैमध्ये एकदा सगळ्या जाळ्यांवर पांढरी लव दिसली होती. झाकण घालून ठेवा पण दार बोटभर उघडं, आणि परत वापरायच्या आधी १३५ वर तासभर रिकामं चालवा.

शाकाहारी घरासाठी

हे मी बाजूच्या काकूंमुळे शिकले. त्यांच्यासाठी वेगळी जाळी, वेगळा ट्रे, आणि मशीन साफ करून आधी त्यांचं, मग आमचं. पनीर धूर फार पटकन ओढतं, ९०-१०० वर वीस-पंचवीस मिनिटं, अर्धी मूठ चिप्स, त्याच्यापुढे कडू. भरताचं वांगं तेल लावून, टोचे मारून १२१ वर दोन तास, गॅसवरच्या जळक्या वासापेक्षा हा धूर सौम्य आणि आतपर्यंत गेलेला असतो. टोमॅटो अर्धे चिरून दीड तास, मग त्याचं सार.

आणि भुट्टा. इंदूरच्या सराफा बाजारात रात्री भुट्ट्याचा कीस खाल्ला असेल तर तुम्हाला कळेल मी काय म्हणतेय. भादव्यात पावसाने उघडीप दिली की दुधाळ कोवळी कणसं आणायची, सालं मागे वळवायची पण तोडायची नाहीत, आतले केस काढायचे, तूप लावायचं, सालं परत वर ओढून १२१ वर तास-सव्वा तास आंब्याच्या धुरात. गार झाली की किसायची आणि नेहमीसारखा दुधातला कीस करायचा, मोहरी, हिंग, हिरवी मिरची, वरून लिंबू. दूध थोडं कमी घाला कारण दाणा अर्धा शिजलेला असतो. गेल्या वर्षी काकूंनी त्यांच्या महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दुसऱ्या दिवशी हाच मागितला होता, पंधरा कणसांचा.